एअरोटर बर कसा धरतो आणि कसा सोडतो : दातांच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून रुजू झालेल्या व्यक्तीला पहिल्याच आठवड्यात "तेवढा बर बदलून दे" असे सांगितले जाते. बर म्हणजे दात कोरणारे फिरते बारीक टोक, आणि ते ज्या हातातल्या यंत्राला लावतात तो हँडपीस. काम दोन सेकंदांचे असते, दुसऱ्याचे पाहून जमते, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी बसून शिकवत नाही. मी गेली एकोणीस वर्षे गिरगावात एका पोटमाळ्यावर हँडपीस दुरुस्तीचे काम करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या पुष्कळ हँडपीसना "टर्बाइन गेले" अशी चिठ्ठी लावलेली असते, आणि उघडून पाहिल्यावर बेअरिंग ठणठणीत निघते. बिघडलेला असतो तो चक, म्हणजे बर धरून ठेवणारा भाग. तो आपोआप बिघडत नाही. रोज पंधरा-वीस वेळा बर लावताना आणि काढताना होणाऱ्या लहानसहान चुका त्याच्यावर साचत जातात. पुढील मजकूर त्या चुका होऊ नयेत यासाठी आहे. तो मदतनीसांना उद्देशून असला, तरी इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही वाचण्यास हरकत नाही.

आधी जागा किती लहान आहे ते पाहू. एअरोटर म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारा वेगवान हँडपीस. त्याच्या डोक्यात जे कार्ट्रिज बसते त्यात दोन बेअरिंग असतात, त्यांच्यामध्ये हवेने फिरणारे पात्यांचे चाक, म्हणजे टर्बाइन असते, आणि या सर्वांच्या मधून एक पोकळ दांडा जातो. प्रचलित बेअरिंगचा बाहेरील व्यास ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच असतो आणि आतील छिद्र ३.१७५ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या निम्मे असते. त्या छिद्रात दांडा, दांड्याच्या पोटात चक आणि चकच्या पोटात १.६ मिलिमीटर जाडीचा बर अशी ही रचना आहे. चकच्या भिंतीसाठी उरणारी जागा नखाच्या जाडीएवढी असते, आणि एवढ्याशा पोलादाने मिनिटाला साडेतीन लाख फेऱ्या घेणारा बर धरून ठेवायचा असतो. साडेतीन लाख म्हणजे सेकंदाला सुमारे ५,८०० फेऱ्या. हिशेब केला तर बरच्या दांडीचा पृष्ठभाग ताशी शंभर किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने सरकत असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटार ज्या वेगाने धावते तोच वेग, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीच्या वस्तूवर. दातावर टेकल्यावर हा वेग बराच उतरतो, कधी निम्म्यावर येतो. तरीही पकड ढिली असेल तर बरला बाहेर सरकण्यासाठी तेवढा पुरतो.

बरची दांडी ओळखावी

बर हातात घेतल्यावर नवीन माणूस त्याचे टोक पाहतो: गोल आहे, टोकदार आहे, की हिऱ्याची भुकटी लावलेला आहे. दुरुस्ती करणारा दुसरे टोक पाहतो, आणि ती सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण कोणता बर कोणत्या हँडपीसमध्ये जाणार हे त्या दुसऱ्या टोकावरून, म्हणजे शँकवरून ठरते.

शँक तीन प्रकारचे असतात. पहिला बारीक, गुळगुळीत आणि कोणतीही खाच नसलेला, १.६० मिलिमीटर व्यासाचा. तो एअरोटरचा, आणि त्याला दवाखान्यात फ्रिक्शन ग्रिप किंवा नुसते एफजी म्हणतात. दुसरा २.३५ मिलिमीटर जाडीचा असून त्याच्या टोकाची एक बाजू तासलेली असते आणि तेथेच सभोवती एक बारीक खोबण असते; हा लॅच टाइप, म्हणजे मायक्रोमोटरवर (कमी वेगाच्या छोट्या मोटरवर) बसणाऱ्या, वाकड्या डोक्याच्या कॉन्ट्रा अँगल हँडपीसचा. तिसऱ्याची जाडीही २.३५ मिलिमीटरच असते, पण तो लांब असतो, एकूण ४४.५ मिलिमीटर, आणि त्याला खाच किंवा खोबण नसते. तो सरळ हँडपीसचा, कवळ्या घासण्यासाठी लागणारा.

पाकिटावर छापलेला मोठा आकडा पाहून घाबरू नये. त्यातील पहिले तीन अंक बर कशाचा आहे ते सांगतात: ८०६ म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेला, ५०० म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा. पुढील तीन अंक शँकचे आणि लांबीचे असतात. ३१४ म्हणजे नेहमीचा १९ मिलिमीटर लांबीचा एफजी, ३१३ म्हणजे आखूड एफजी, ३१६ म्हणजे अतिलांब एफजी, २०४ म्हणजे लॅच आणि १०४ म्हणजे सरळ हँडपीसचा. अगदी शेवटचे तीन अंक डोक्याचा सर्वांत मोठा व्यास मिलिमीटरच्या दशांशांत सांगतात, म्हणजे ०१४ असेल तर १.४ मिलिमीटर. हिऱ्याच्या बरवरील रंगाचा पट्टा खडबडीतपणाचा असतो (हिरवा जाड, निळा मध्यम, लाल बारीक, पिवळा अतिबारीक). त्याचा पकडीशी संबंध नाही, पण बर मागितल्यावर रंग सांगूनच मागतात, म्हणून तो पाठ असावा.

जाड शँक एअरोटरमध्ये शिरतच नाही आणि बारीक शँक कॉन्ट्रा अँगलमध्ये राहत नाही, त्यामुळे तेथे चूक क्वचितच होते. चूक होते ती शँकच्या अवस्थेबाबत. मानके १.६० मिलिमीटरपेक्षा शतांश मिलिमीटरहून अधिक कमी भरणारा शँक मान्य करत नाहीत. मी नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेल्या मायक्रोमीटरने स्वस्त बर मोजून पाहतो, तेव्हा काही १.५७ भरतात. असा बर नवा असताना चिकटून बसल्यासारखा वाटतो आणि दाढेवर जोर आल्यावर आतल्या आत घसरू लागतो. घसरला की शँकवर चकचकीत वर्तुळाकार ओरखडे उमटतात. प्रत्येक दवाखान्यात मायक्रोमीटर असणे शक्य नाही, पण ओरखडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ज्या शँकवर असे कडे दिसेल तो बर पुन्हा लावू नये, मग त्याचे डोके कितीही नवे दिसो. तो चाकाप्रमाणे घासून चकचे तोंड मोठे करत असतो, आणि पुढे त्या चकमध्ये चांगला बरही टिकत नाही.

पुश बटण : दाबल्यावर आत काय होते

मुंबईतील बहुतेक दवाखान्यांत आता पुश बटणाचेच एअरोटर दिसतात. डोक्याच्या पाठीवरील गोल टोपी अंगठ्याने दाबली की बर सुटतो, सोडली की धरला जातो. येथे नवीन माणसाचा एक समज असतो, तो आधीच दूर करावा. बटण बर धरत नाही. बर धरण्याचे काम आतील स्प्रिंगचे आहे आणि ती न दाबता सतत चालू असते. बटणाचे काम फक्त तिच्यावर मात करून पकड सोडवणे एवढेच आहे.

चकच्या आत नळीला उभे काप देऊन बोटांसारखे भाग केलेले असतात, हा कॉलेट. काही रचनांत कॉलेटचा निमुळता भाग स्प्रिंगने मागे ओढला जातो आणि दांड्याच्या निमुळत्या तोंडात रुतून त्याची बोटे आत मिटतात, तर काहींमध्ये बोटे स्वतःच्याच लवचिकतेने मिटलेली असतात आणि बटण दाबल्यावर मागून एक पाचर त्यांच्यात घुसून त्यांना उघडते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: शँक आणि बोटे यांच्यामध्ये खिळा, खाच, आटे असे काहीही नसते. पकड केवळ घर्षणाची असते. फ्रिक्शन ग्रिप हे नाव त्यामुळेच पडले. सुरुवातीच्या टर्बाइनमध्ये तर प्लास्टिकची बारीक नळी असे, बर तिच्यात दाबून बसवत आणि पिनेने ढकलून बाहेर काढत. (एअरोटर हेही मुळात एका विशिष्ट यंत्राचे नाव. जॉन बोर्डेन या अमेरिकन दंतवैद्याने १९५७ साली ते पुढे आणले आणि आपल्याकडे ते सर्वच टर्बाइन हँडपीसना चिकटले, जसे वनस्पती तुपाला डालडा.)

पकड घर्षणाची असल्यामुळे शँकवरील तेलाचा थेंब, चकमध्ये गेलेली दाताची भुकटी, किंवा अर्धवट आत गेलेला बर यांपैकी काहीही ती कमी करू शकते. बर लावण्याच्या पायऱ्या यावरून आपोआप ठरतात.

प्रथम पाय फूट कंट्रोलवर (हँडपीस चालू करण्याच्या पायपट्टीवर) नाही याची खात्री करावी; डॉक्टरांचा पाय असेल तर तसे सांगून तो काढवून घ्यावा. शँक कोरड्या गॉझने पुसावा. हँडपीस डाव्या हातात डोके वर येईल असा धरून, अंगठ्याच्या टोकाने नव्हे तर गादीने, बटणाच्या मधोमध दाब द्यावा. कडेला दाबले तर टोपी तिरकी बसते आणि आतील पाचर एका बाजूने घासते. बटण पूर्ण दाबलेले असतानाच बर सरळ रेषेत आत सरकवावा आणि तो तळाला टेकल्याचे बोटाला जाणवेपर्यंत थांबू नये. मगच बटण सोडावे. बटण न दाबता बर नुसता रेटून बसवणारे पुष्कळ आहेत. तो बसतोही, पण दर वेळी बोटांची धारदार कड थोडी थोडी गोल होते.

यानंतर ओढून पाहावे. ही पायरी इतरांनी टाळलेली दिसली तरी आपण टाळू नये. गॉझच्या चिमटीत बर धरून सरळ बाहेरच्या दिशेने बेताने ओढावा. तो केसभरही सरकता कामा नये. मग हँडपीस रुग्णाच्या तोंडाबाहेर, खाली तोंड करून, दोन-तीन सेकंद चालवावा. आवाज एकसारखा असावा आणि बरचे टोक स्थिर ठिपक्यासारखे दिसावे. टोकाभोवती धूसर वर्तुळ दिसले तर बर वाकलेला आहे किंवा नीट बसलेला नाही. तो काढून पुन्हा लावावा, आणि तरीही तसेच दिसले तर दुसरा बर लावून पाहावा. दुसऱ्या बरनेही वर्तुळ दिसले तर दोष हँडपीसमध्ये आहे आणि तो त्या दिवशी वापरू नये. खुर्चीत आडवा झालेला रुग्ण तोंड उघडे ठेवून असतो. निसटलेला बर गालावर आपटू शकतो किंवा घशातून पोटात, क्वचित श्वासनळीतही जाऊ शकतो, आणि मग क्ष-किरण चित्र काढण्याची वेळ येते.

अर्धवट बसवलेल्या बरबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण तो पुष्कळदा चुकून नव्हे, तर मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो. मागच्या दाढेपर्यंत पोहोचत नाही म्हणून बर दोन मिलिमीटर बाहेर ठेवायचा, ही सवय मी अनुभवी हातांतही पाहिली आहे. त्याने पकडीची लांबी कमी होते आणि बाहेरील टांगता भाग वाढतो, म्हणजे धरणारा दुबळा होतो आणि ओढणारा बलवान. अशा बरचा शँक पुढे वाकतो आणि पुढील बेअरिंग मागील बेअरिंगच्या कितीतरी आधी खराब होते. कार्ट्रिज उघडल्यावर एक बेअरिंग नवे आणि एक खडखडीत दिसले की मला दवाखान्यात काय चालते ते कळते. लांबी हवी असेल तर लांब शँकचा बर मिळतो आणि तोच मागून घ्यावा. लांब बर किंवा मोठ्या डोक्याचा बर कमी वेगाने चालवायचा असतो. त्याचा कमाल वेग पाकिटावर छापलेला असतो.

सोडताना

काढण्याची कृती लावण्याच्या उलट आहे, पण तिच्यात एक धोका अधिक आहे. फूट कंट्रोलवरून पाय काढल्यावर टर्बाइन लगेच थांबत नाही, क्षणभर फिरत राहते. त्या क्षणात बटण दाबले तर स्थिर असलेली टोपी फिरणाऱ्या दांड्यावर टेकते. सुरुवातीच्या वर्षांत दुरुस्त केलेला हँडपीस तपासताना मी स्वतः हे केले होते; कर्र असा आवाज झाला, अंगठ्याला चटका बसला आणि टोपी काढून पाहिली तेव्हा तिच्या आतल्या बाजूस मधोमध नाण्याच्या कडेसारखे एक चकचकीत कडे कोरले गेले होते. ती टोपी मी अजून टेबलाच्या खणात ठेवली आहे आणि शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवतो. कडे एकदा पडले की टोपी आणि दांडा यांच्यातील अंतर बिघडते, आणि मग बटण न दाबताही, नुसता गाल किंवा ओठ त्यावर दाबला गेला तरी ती टेकू लागते.

हवेवर चालणाऱ्या टर्बाइनची ताकद कमी असल्याने टोपी टेकली की ते बहुधा मंदावते आणि डॉक्टरांच्या लक्षात येते. विजेच्या मोटरवरील १:५ गतीच्या कॉन्ट्रा अँगलमध्ये तसे होत नाही. त्यातही एफजी बरच लागतो, तो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो, आणि अडथळा आला की मोटर अधिक वीज घेऊन वेग टिकवते. त्यामुळे डोके तापत राहते आणि हातमोजा घातलेल्या हाताला ते उशिरा कळते. बधिर केलेल्या रुग्णाला तर कळतच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली विजेच्या हँडपीसमुळे रुग्णांना झालेल्या भाजण्याच्या जखमांबाबत सूचना काढली होती आणि तीत देखभालीवर भर दिला होता. म्हणून सकाळी पहिल्या रुग्णाआधी हँडपीस अर्धा मिनिट चालवून डोक्याच्या पाठीला बोट लावून पाहावे. कोमट लागले तर तो बाजूला ठेवावा.

सारांश काढायचा तर काढताना आवाज पूर्ण बंद होऊ द्यावा, बर डोळ्यांनी थांबलेला पाहावा, आणि मगच बटण दाबावे. बर हाताने ओढू नये, चिमट्याने किंवा गॉझने धरावा. वापरलेल्या बरची टोचणी सुईच्या टोचणीइतकीच गांभीर्याने घ्यावी लागते. टाकून देण्याचा बर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे टोकदार वस्तूंसाठी असलेल्या पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकावा.

कीचे, लॅचचे आणि सरळ हँडपीस

जुन्या दवाखान्यांत आणि महाविद्यालयांच्या विभागांत कीने घट्ट होणारे एअरोटर अजून भेटतात. त्यात कॉलेट आट्यांनी निमुळत्या जागेत ओढला जातो. बर पूर्ण आत घालून गॉझच्या चिमटीत धरावा, डोक्याच्या पाठीवरील छिद्रात की बसवावी आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होईपर्यंत फिरवावी, सोडवताना उलट. "घट्ट" आणि "आणखी थोडे" यांत आटे जातात. कीचे टोक गोल झाले असेल तर नवी की घ्यावी, कारण गोल झालेली की चकचेही कोपरे खाते, आणि की काढायला विसरून पाय दाबला गेल्याची उदाहरणे माझ्याकडे आलेल्या डोक्यांवर दिसतात.

लॅचची पकड घर्षणाची नाही. कॉन्ट्रा अँगलच्या डोक्यावरील छोटी पट्टी अंगठ्याने बाजूला सरकवावी, बर आत घालावा आणि हलकेच फिरवत राहावे. शँकची तासलेली बाजू आतील तशाच आकाराच्या जागेशी जुळली की बर एक पायरी उतरल्यासारखा खाली जातो. तो उतरल्याशिवाय पट्टी लावू नये. मग पट्टी खोबणीत सरकवावी. येथे दोन कामे दोन भागांनी वाटून घेतली आहेत: तासलेली बाजू बर फिरवते आणि खोबणीतील पट्टी त्याला बाहेर येऊ देत नाही. म्हणून ओढून पाहताना लॅचचा बर किंचित हलतो आणि तो दोष नव्हे. तेवढी ढिलाई रचनेतच आहे, आणि त्यामुळेच ही पद्धत कमी वेगापुरती राहिली. किडलेला भाग काढण्याचे मोठे गोल बर, पॉलिशचे ब्रश आणि कप, रूट कॅनलचे गेट्स ग्लिडन (दाताच्या मुळातील नळीचे तोंड रुंद करणारे बारीक ड्रिल) हे सर्व याच शँकवर येतात. गेट्स ग्लिडन तर शँकजवळच मोडावा असा मुद्दाम तेथे बारीक केलेला असतो, म्हणजे मोडलेला तुकडा दातातून चिमट्याने ओढून काढता येतो.

सरळ हँडपीसचे कडे फिरवून उघडावे, बर तळापर्यंत घालावा, कडे खटकन बसेपर्यंत परत फिरवावे. ते अर्धवट बंद असताना मोटर चालू करू नये.

तेल, वाफ आणि पावसाळा

मुंबईत चकचा खरा शत्रू पाणी आहे. काही वर्षांपूर्वी जुलैत मला जवळच्याच एका दवाखान्यातून फोन आला. "दादा, बटण दाबलंच जात नाही हो, आणि बर आतच आहे." पाऊस कोसळून लोकल बंद पडल्या त्या शुक्रवारी सगळे घाईने निघून गेले होते आणि एअरोटर बरसकट स्टँडवर राहिला होता, तो मंगळवारपर्यंत. मी डोके उघडले तेव्हा चकच्या तोंडाशी चहापत्तीसारखी तपकिरी भुकटी होती आणि बरचा शँक कॉलेटच्या बोटांना गंजाने जोडला गेला होता. दिवसभराचे काम संपल्यावर बर काढूनच हँडपीस ठेवावा, हा नियम त्यासाठी आहे.

कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो तेव्हा तिच्यातील वाफेचे टाकीत पाणी होते. पावसाळ्यात ते रोज संध्याकाळी टाकीच्या तळाचा नळ उघडून सोडावे. नाहीतर तेच पाणी नळीतून हँडपीसच्या डोक्यात जाते. अनेक दवाखान्यांत कॉम्प्रेसर गच्चीवर किंवा जिन्याखाली असतो आणि तो कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो, म्हणून आधी विचारून ते काम स्वतःकडे घ्यावे.

तेल देण्याचा क्रम असा. बाहेरून पुसून झाल्यावर मागील जोडणीतून हँडपीसच्याच फवाऱ्याचे तेल चालक हवेच्या छिद्रात एक-दोन सेकंद सोडावे. चार छिद्रांच्या जोडणीत सर्वांत मोठे छिद्र परतीच्या हवेचे असते, त्यात नव्हे. त्याच्या खालोखाल मोठे असलेले चालक हवेचे. दोन छिद्रांच्या जोडणीला वर उल्लेख केलेल्या बोर्डेन यांचेच नाव आहे, आणि तीत मोठे छिद्र चालक हवेचे. मग जुना बर किंवा कोरा शँक लावून हँडपीस वीस-तीस सेकंद चालवावा म्हणजे जादा तेल मळासह बाहेर येते; ते टिश्यूवर काळसर दिसत राहील तोपर्यंत पुन्हा तेल द्यावे. बर न लावता पुश बटणाचा एअरोटर कधीही चालवू नये.

मागून दिलेले तेल बेअरिंगला पोहोचते, चकला पुरेसे पोहोचत नाही. चकसाठी आठवड्यातून एकदा तरी, फवाऱ्याला टोकदार नोझल लावून, समोरून बरच्या छिद्रातूनच तेल मारावे, बटण तीन-चार वेळा दाबावे आणि नंतर शँक लावून-काढून पुसून घ्यावा. शिलाई मशीनचे तेल वापरू नये. ते ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या उष्णतेने घट्ट होऊन डिंकासारखे बसते, आणि असे डिंक झालेले चक मी सोडवले आहेत. तेल झाल्यावर बर काढून, पाउचमध्ये घालून १३४ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह करावे, आणि चक्र संपल्यावर हँडपीस रात्रभर आत दमट ठेवू नये. हँडपीस कोणत्याही द्रावणात बुडवू नये. बर बुडवून स्वच्छ करता येतात, पण ते नंतर पूर्ण कोरडे करावेत. ओला शँक चकमध्ये गंज घेऊनच जातो.

बर अडकला किंवा सुटू लागला तर

अडकलेला बर पक्कडीने ओढू नये. समोरून चकचे तेल मारून दहा मिनिटे थांबावे, बटण टेबलाच्या सपाट कडेवर सरळ दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने बर गॉझमध्ये धरून आधी गोल फिरवावा, मग ओढावा. दोन-तीन प्रयत्नांत सुटला नाही तर थांबावे, कारण यापुढील जोर दांडा वाकवतो आणि शंभर रुपयांच्या बरपायी संपूर्ण कार्ट्रिज जाते.

बर सुटू लागला तर नवा, मोजमापाचा बर कोरडा करून लावून पाहावा. तो टिकला तर दोष जुन्या बरचा होता. तोही सरकला तर चक साफ करून पुन्हा पाहावे, आणि तरीही सरकला तर कार्ट्रिज बदलावे. नुसता चक बदलून देणारे कारागीर आहेत, मीही काही रचनांमध्ये तो बदलतो. पण दांड्याचे निमुळते तोंड झिजले असेल तर नवा चक महिनाभरात पुन्हा ढिला होतो, आणि हे मी आधीच सांगतो.

दुरुस्तीला पाठवताना "चालत नाही" एवढे लिहून भागत नाही. बर कोणत्या प्रकारचा होता, तो ओढल्यावर सरकतो की फिरताना सरकतो, बटण दाबताना खरखर लागते का, डोके तापते का, आणि शेवटचे तेल कधी दिले ते चिठ्ठीवर लिहावे. हँडपीस ऑटोक्लेव्ह करून पाठवावा. आणि त्यात बर अडकलेला असेल तर टोकावर जाड गॉझ गुंडाळून, तसे चिठ्ठीवर वरच मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण पाकीट उघडणारा हात कोणाचा असेल ते पाठवणाऱ्याला ठाऊक नसते.